कंपनीत चार्जिंग मागणं ही बेशिस्त नाही
"घरी सोय नसेल तर इलेक्ट्रिक गाडी कंपनीत चार्ज करा, कोणी अडवलं तर ग्रुपवर बिनधास्त लिहा, घटनेनेच बोलायचं स्वातंत्र्य दिलंय" असा सल्ला दिला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. बोलायचं स्वातंत्र्य देणारं घटनेचं कलम १९ मुख्यतः सरकारला बांधतं. खासगी कारखान्यात नेमणूकपत्र आणि स्थायी आदेश (कामाच्या अटींचे आणि शिस्तीचे कंपनीचे नियम) आडवे येतात. आमच्याकडे जळगाव एमआयडीसीत एकाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "साहेबांच्या गाडीला प्लग आहे, मग आम्हाला का नाही?" एवढंच विचारलं, तर दुसऱ्या दिवशी हातात कारणे दाखवा नोटीस. मला आजही त्याचा संताप येतो.

व्यवस्थापन म्हणे, वीज विकायला परवाना लागतो. साफ चूक. गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, परवाना नको, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. त्याची प्रत जोडून आम्ही सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला, कारण एकटा बोलला की सापडतो. आता गाड्यांच्या स्टँडच्या पत्र्याखाली १५ अँपिअरचे दोन पॉइंट आहेत, सबमीटरसकट (किती वीज घेतली ते वेगळं मोजणारं मीटर). पैसे पगारातून कापतात. तासाला साधारण ३ युनिट, म्हणजे एका पाळीत भुसावळहून रोज येणाऱ्याला पुरून उरतं. त्या पोराची नोटीस मात्र अजून मागे घेतलेली नाही, आणि ती घेईपर्यंत आम्ही विचारत राहणार.