साप्ताहिक अहवालातील ‘आठवडा १०’ म्हणजे नेमक्या कोणत्या तारखा?

नोंदवही (प्रश्न)

नमस्कार. आमच्या रोगसर्वेक्षण कार्यक्रमाची साप्ताहिक आकडेवारी आम्ही डीएचआयएस-२ या आरोग्य-माहिती प्रणालीत साठवतो. डेटा सेटचा (एकत्र भरायच्या बाबींच्या संचाचा) कालावधी-प्रकार ‘वीकली’, म्हणजे सोमवार ते रविवार, असा आहे. आरोग्य केंद्रांकडून येणाऱ्या एक्सेल तक्त्यांत मात्र तारखा नसतात. केवळ वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक असतो, आणि त्यांचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो. फरक एकाच दिवसाचा आहे, असे मानून आम्ही संपूर्ण २०२५ या वर्षात क्रमांकाला क्रमांक जुळवून आयात केली आणि त्यात काहीही खटकले नाही.

२०२६ मध्ये मात्र गोवराचे आलेख जुळेनासे झाले आहेत. प्रयोगशाळेच्या नोंदी नमुना घेतल्याच्या तारखेनिशी वेगळ्या प्रोग्राममध्ये येतात. एकाच साथीत संशयित रुग्णांचा आलेख प्रयोगशाळेच्या आलेखाच्या जवळजवळ एक आठवडा आधी चढतो आणि आधीच उतरतो. प्रयोगशाळेकडून तारखा चुकत असाव्यात असे समजून आम्ही त्यांना पत्रही पाठवले. त्यांनी मूळ नोंदी दाखवून त्या बरोबर असल्याचे सिद्ध केले. शिवाय काही केंद्रांच्या आकड्यांत ही तफावत अजिबात दिसत नाही, हे आणखी एक कोडे आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. हे याच वर्षी का घडावे? आणि डेटा सेटचा कालावधी-प्रकार बदलून ‘रविवारपासून आठवडा’ असा केला, तर प्रश्न सुटेल का?

पंचांगवाला

तुमच्या तक्त्यात दोष एक दिवसाचा नाही, सहा दिवसांचा आहे, आणि तो २०२६ मध्येच उघड व्हावा हे अगदी स्वाभाविक आहे.

आयएसओ ८६०१ या मानकानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. रविवारी सुरू होणाऱ्या साथरोग-आठवड्यालाही असाच नियम आहे: नव्या वर्षाचे किमान चार दिवस ज्यात पडतात तो पहिला, म्हणजे तेथे निर्णय बुधवारावर ठरतो. १ जानेवारी २०२५ हा बुधवार होता, त्यामुळे दोन्ही पद्धतींचा पहिला आठवडा डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, एका दिवसाच्या अंतराने सुरू झाला. १ जानेवारी २०२६ हा गुरुवार. आयएसओच्या दृष्टीने तेवढा एक गुरुवार पुरेसा होता, म्हणून २०२६ चा पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ रोजीच सुरू झाला; रविवारच्या पद्धतीत मात्र त्या आठवड्याचे चार दिवस जुन्या वर्षात पडल्याने तो २०२५ चा ५३ वा ठरला आणि नव्या वर्षाचा पहिला आठवडा ४ जानेवारीला सुरू झाला.

आता तुमचा दहावा आठवडा घेऊ. डीएचआयएस-२ च्या ‘वीकली’ प्रकारात तो २ ते ८ मार्च २०२६ आहे, तर केंद्रांचा ८ ते १४ मार्च. क्रमांक तोच आहे, पण सामाईक दिवस एकच, रविवार ८ मार्च. केंद्रांचे आकडे सहा दिवस आधीच्या आठवड्यात जाऊन बसले, म्हणून प्रयोगशाळा मागे पडल्यासारखी दिसली.

ज्या केंद्रांत तफावत दिसत नाही, त्यांचे तक्ते आधी उघडून पाहावेत. तेथे बहुधा एक्सेलमधील ‘वीकनम’ हे फंक्शन वापरलेले असेल. ते मूळ स्थितीत तिसराच नियम पाळते: १ जानेवारी ज्या आठवड्यात येतो तो पहिला, मग त्यात नव्या वर्षाचे दिवस कितीही असोत. त्याचा दहावा आठवडा १ ते ७ मार्च येतो, म्हणजे तुमच्या आयातीशी सहा दिवस जुळतो. २०२५ मध्ये हे तिन्ही नियम जवळजवळ एकरूप होते, म्हणूनच कोणाला काही जाणवले नाही. आणखी एक खूण सांगतो: आयएसओनुसार २०२५ मध्ये ५३ वा आठवडाच नाही, केंद्रांच्या तक्त्यांत मात्र तो असणार. त्या ओळीचे आयातीत काय झाले, ते शोधून पाहा.

सारणीकार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण हा उद्योग आम्ही एकदा करून बसलो आहोत. कालावधी-प्रकार नुसता बदलू नका. डीएचआयएस-२ मध्ये प्रत्येक आकडा एका विशिष्ट कालावधीला बांधलेला असतो आणि त्या कालावधीला स्वतःची आरंभ-तारीख, अंतिम तारीख व प्रकार असतो. डेटा सेटचा प्रकार बदलला तरी जुने आकडे सोमवारच्या आठवड्यांनाच चिकटून राहतात. नोंदणीचा फॉर्म रिकामा दिसतो, लोक घाबरून तीच माहिती पुन्हा भरतात, आणि मग त्याच डेटा एलिमेंटचे (मोजल्या जाणाऱ्या बाबीचे) सोमवारचे व रविवारचे असे दोन संच डेटाबेसमध्ये नांदू लागतात. महिन्याची बेरीज काढताना दोन्ही मोजले जातात.

केंद्रांचे आकडेच सोमवारच्या आठवड्यांत वळवावेत, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो सल्ला मी देणार नाही. साप्ताहिक बेरजेतून रोजचे आकडे परत मिळत नाहीत, आणि सातने भागून एक दिवस इकडून तिकडे सरकवणे म्हणजे आकडेवारी रचणे होय. साथीच्या ऐन चढावर तर ही सरासरी हमखास खोटी ठरते. केंद्रांतील रोजच्या नोंदवह्यांतून पुन्हा मोजणी करता येत असेल तरच सोमवारचा विचार करावा.

त्यापेक्षा जुने आकडे बॅकअपसह बाहेर काढा, प्रत्येक ओळीला खरी आरंभ-तारीख लावा, त्या तारखेवरून रविवारच्या आठवड्याचा कोड तयार करा (वर्ष, मग रविवारच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरे, डब्ल्यू आणि क्रमांक), चाचणी सर्व्हरवर जुने आकडे पुसून नवे आयात करा आणि मगच मूळ सर्व्हरला हात लावा. एकच डेटा एलिमेंट वेगवेगळ्या कालावधी-प्रकारांच्या डेटा सेटमध्ये ठेवल्यास डेटा इंटिग्रिटीची, म्हणजे माहितीच्या सुसंगतीची, तपासणी तक्रार करते. ती तक्रार येथे खरी समजावी.

मासिकबेरीज

वरील दोन्ही उत्तरांत महिन्यांचा विषय अर्धवट राहिला. दोन महिन्यांत विभागलेला आठवडा ज्या महिन्यात त्याचे चार किंवा अधिक दिवस पडतात त्यात धरणे हा रूढ नियम आहे. त्यामुळे आठवड्यांवरून काढलेली मार्चची बेरीज आणि मासिक अहवालातील मार्चचा आकडा कधीच तंतोतंत जुळणार नाही, आणि तो जुळवण्यात कोणी वेळ घालवू नये.

स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयएसओ आठवड्यासोबत साधे वर्ष काढू नका, आयएसओ वर्षच (तो आठवडा ज्या वर्षाचा गणला जातो ते) काढा. नाहीतर २९ डिसेंबर २०२५ हा दिवस ‘२०२५ चा पहिला आठवडा’ म्हणून वर्षभर मागे जाऊन पडतो.

नोंदवही

सर्वांचे आभार. तक्ते तपासले. तफावत न दाखवणाऱ्या सगळ्या केंद्रांत खरोखरच ‘वीकनम’ निघाले. त्यांनी २८ ते ३१ डिसेंबर हा २०२५ चा ५३ वा आणि १ ते ३ जानेवारी हा २०२६ चा पहिला, असे एकाच आठवड्याचे दोन तुकडे पाठवले होते. ते तुकडे एकत्र केले, त्या केंद्रांचे पुढील क्रमांक एकने कमी केले आणि चाचणी सर्व्हरवर रविवारच्या आठवड्यांत सर्व आयात केली. दोन्ही आलेख आता एकाच आठवड्यात चढतात. नव्या तक्त्यात क्रमांकाचा रकाना ठेवलेलाच नाही. केंद्रांनी आठवडा ज्या रविवारी सुरू झाला त्याची तारीख लिहायची आणि रविवार नसलेली तारीख तक्त्यानेच नाकारायची, अशी व्यवस्था केली आहे. प्रयोगशाळेला दुसरे पत्र लिहायचे आहे, ते आज लिहितो.