कंट्रोलर निर्णय होताना हवा की झाल्यावर? (एक चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ताळमेळ

फायनान्शियल कंट्रोलर म्हणजे महिनाअखेरीला क्लोजिंग करणारा (हिशेब बंद करणारा), प्रोव्हिजन टाकणारा (पुढे येऊ शकणाऱ्या खर्चासाठी आधीच रक्कम धरणारा) आणि ऑडिटरला कागद पुरवणारा माणूस, अशी समजूत अजून बऱ्याच कंपन्यांत घट्ट आहे. ती कंपनीला महागात पडते. सौदा ठरत असताना कंट्रोलर तिथे बसलेला हवा, असं माझं ठाम मत आहे.

एक करार घ्या. दर 100, पण ग्राहकाने वर्षात 10,000 नग उचलले तर पहिल्या नगापासून दर 90. सेल्सच्या तक्त्यात सगळा महसूल 100 ने धरलेला, मार्जिन त्यावर काढलेलं, टार्गेटही त्यावरच पूर्ण झालेलं. 2018 पासून लागू झालेल्या आयएफआरएस 15 प्रमाणे (महसूल कसा धरायचा याचं आंतरराष्ट्रीय लेखा मानक), ग्राहक तो पल्ला गाठेल असा अंदाज असेल तर सुरुवातीपासूनच 90 धरावे लागतात. नगाचा खर्च 84 असेल तर 16 चे मार्जिन 6 वर येतं. सही होण्याआधी कंट्रोलर हजर असता, तर त्याने एवढंच विचारलं असतं की या ग्राहकाने गेल्या वर्षी किती नग उचलले होते. सही झाल्यावर हेच विचारलं, तर तो सगळ्यांना नकोसा होतो.

शिवाय इनव्हॉइस जुळवणं, रिकन्सिलिएशन (नोंदींचा मेळ घालणं), कन्सॉलिडेशन (समूहातल्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करणं) ही कामं आता बरीचशी सॉफ्टवेअर करतं. मोकळा झालेला वेळ धंदा समजून घेण्यात जायला हवा.

खतावणी

उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही. जो सौद्यात सामील झाला, तो त्याच सौद्याचा हिशेब तटस्थपणे कसा मांडणार?

वर्ल्डकॉम ही अमेरिकन टेलिकॉम कंपनी आठवा. दुसऱ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन वापरण्यासाठी दिलेले पैसे सरळ चालू खर्चात जायला हवे होते. ते भांडवली खर्च म्हणून मालमत्तेत टाकले गेले आणि नफा फुगला. जून 2002 मध्ये कंपनीने 3.8 अब्ज डॉलरचा घोळ जाहीर केला, पुढे एकूण आकडा 11 अब्जांच्या घरात गेला. नोंदी सीएफओ (वित्तप्रमुख) स्कॉट सुलिव्हन यांच्या सांगण्यावरून लेखा विभागातच झाल्या. कंट्रोलर डेव्हिड मायर्स यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. हे शोधून काढलं ते सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने, म्हणजे त्या निर्णयांशी संबंध नसलेल्या माणसांनी. त्याच वर्षी अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि अंतर्गत नियंत्रणांची जबाबदारी व्यवस्थापनाच्या गळ्यात पडली. त्यानंतरही कंट्रोलरला 'बिझनेस पार्टनर' म्हणत सेल्सच्या शेजारी बसवायचं, हे मला धोक्याचं वाटतं.

ताळमेळ

वर्ल्डकॉम तर माझ्याच बाजूने बोलतं. तिथे कंट्रोलर धंद्यात फार गुंतला म्हणून घोटाळा झाला नाही. नफा किती दिसायला हवा हे वर ठरलं आणि नोंदी खाली झाल्या. ज्याचं काम फक्त नोंद करणं आहे, त्याला 'अशी नोंद कर' असं सांगणं सोपं जातं. ज्याचं मत एरवीही विचारलं जातं, त्याच्या नकाराला वजन असतं.

तेरीज

हा वाद जुना आहे. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकवत असताना विजय साठे यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा प्रश्न मांडला होता: कंट्रोलर व्यवस्थापनात गुंतलेलाही राहील आणि स्वतंत्रही, हे जमेल का? दोन्ही पेलणारा 'स्ट्राँग कंट्रोलर' शक्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण तो प्रत्येक कंपनीत आपोआप निपजत नाही. माणूसही तसा लागतो आणि वरच्यांचा पाठिंबाही.

माझ्या मते खरी गोम रिपोर्टिंगमध्ये आहे. कारखान्याचा कंट्रोलर कागदावर सीएफओला रिपोर्ट करतो, कारखानाप्रमुखाला फक्त डॉटेड लाइन, म्हणजे दुय्यम रिपोर्टिंग. पण अप्रेझल कोण लिहितं? रजा कोण मंजूर करतं? दोन्हींचं उत्तर कारखानाप्रमुख असेल, तर ती डॉटेड लाइनच खरी लाइन.

खतावणी

अगदी बरोबर, आणि त्याचा परिणाम घोटाळ्यात नाही, अंदाजांत दिसतो. तिमाहीअखेर आहे, नफा थोडक्यात हुकतोय. वॉरंटीची प्रोव्हिजन विक्रीच्या 3 टक्के धरलेली. कारखानाप्रमुख शांतपणे म्हणतो, "यंदा तक्रारी कमी आहेत, अडीच धरू या." हे खोटं नाही, असूही शकेल तसं. कुठलाच नियम उघडपणे मोडत नाही, ऑडिटरही बहुतेक मान्य करेल. वर्षभर त्या टीमबरोबर झटलेला कंट्रोलर इथे अडीचला हो म्हणतो, आणि ते त्याला मनापासून योग्य वाटतं. भीती मला याची आहे. लबाड माणूस कधी ना कधी पकडला जातो. आपुलकीने झुकलेला अंदाज कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून दोन माणसं ठेवा. एक निर्णयात मदत करेल, दुसरा पुस्तकं राखेल.

नवी_नोंद

ताळमेळ, सॉफ्टवेअरमुळे वेळ मोकळा झाला, हे कुणी सांगितलं? कंपन्या विकत घेतल्या की तीन-तीन इआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणारी सॉफ्टवेअर) गळ्यात येतात, प्रत्येकात ग्राहकाचा कोड वेगळा. 2019 ला आयएफआरएस 16 आलं, तेव्हा भाडेकरार ताळेबंदावर आणण्यासाठी कपाटं धुंडाळून करार गोळा करणारे कंट्रोलरच होते. आता कार्बन उत्सर्जनाचे आकडेही अनेक ठिकाणी त्यांच्याकडेच आलेत. स्ट्रॅटेजीच्या मीटिंगला बोलवा जरूर, पण आधी माणसं द्या. क्लोजिंग रात्री अकराला आणि मीटिंग सकाळी नऊला, असं सध्या अनेक ठिकाणी चाललंय.

ताळमेळ

माणसांबद्दल शंभर टक्के सहमत.

खतावणी, वॉरंटीचं उदाहरण मला अस्वस्थ करून गेलं, ते टाळता येणार नाही. अप्रेझल आणि बोनस कारखान्याच्या नफ्यापासून पूर्ण तोडायलाच हवेत, यावर आता माझा वाद नाही. पण दोन माणसांचा उपाय मला पटत नाही. साइड लेटरचं काय? 'माल पडून राहिला तर परत घेऊ' असं आश्वासन सेल्सच्या एका ईमेलमध्ये असतं, मूळ करारात नसतं, इआरपीत तर नसतंच. महसूल कधी धरायचा हे त्या एका ओळीवर ठरतं, आणि ती ओळ कळते बोलणी ऐकणाऱ्याला. तुमचा पुस्तकं राखणारा माणूस तिथे नसेल, तर त्याची पुस्तकं स्वच्छ दिसतील आणि चुकीची असतील.

खतावणी

साइड लेटरचा मुद्दा मान्य. मग त्याला बोलणीत बसू द्या, पण सौद्याच्या मंजुरीवर त्याची सही नको. आणि प्रोव्हिजनचा टक्का बदलायचा असेल, तर गेल्या वर्षांत अंदाज किती होता आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला याचा तक्ता संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीपुढे ठेवल्याशिवाय तो बदलू नये, अर्ध्या टक्क्यासाठीसुद्धा. हे दोन्ही होणार असेल, तर कंट्रोलरला खुर्ची द्यायला माझी हरकत नाही.