कृषी सेवा केंद्राने स्वतःचा पॉडकास्ट काढावा का?

गोदाकाठ (धागाकर्ता):
निफाड तालुक्यात आमचे कृषी सेवा केंद्र असून बहुतेक गिऱ्हाईक द्राक्ष बागायतदार आहेत. येत्या फळछाटणीपासून केंद्राच्या नावाने पॉडकास्ट सुरू करण्याचा माझा विचार पक्का होत आला आहे. त्यावर जाणकारांची मते हवी आहेत, विरोधातली असली तरी.

माझे मुख्य कारण छाटणीच्या तारखांचे आहे. एकाच शिवारात कोणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटतो, तर कोणी ऑक्टोबर सरता सरता. त्यामुळे रेडिओवर किंवा चर्चासत्रात ठरावीक दिवशी मिळणारा सल्ला एकाला उशिरा पोहोचतो आणि दुसऱ्याला फार आधी. पॉडकास्टचे भाग तारखेवर न लावता छाटणीनंतरच्या दिवसांवर लावले, म्हणजे पोंगा, पाच पानांची अवस्था, फुलोरा, विरळणी, मण्यांत पाणी उतरणे असे, तर ज्याची बाग ज्या दिवशी त्या टप्प्यावर येईल त्या दिवशी त्याने तो भाग ऐकावा. शिवाय विरळणीच्या वेळी हात घडांत गुंतलेले असतात आणि डोळे मण्यांवर, तेव्हा व्हिडिओ पाहता येत नाही, पण ऐकता येते. यातून केंद्राचे नाव वाढावे ही माझी इच्छा आहेच, ती मी लपवत नाही.

दिंडोरीचा बागायतदार:
आपला हेतू चांगला आहे असे मानूनही माझा या कल्पनेला विरोध आहे. औषध विकणाऱ्यानेच कोणते औषध मारायचे हे सांगण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की त्यातला धोका कोणाला दिसेनासा झाला आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे, अवशेष सापडल्यामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. वेलीची वाढ रोखण्यासाठी ते सर्रास वापरले जात होते आणि त्यात काही वावगे आहे असे विकणाऱ्यालाही वाटत नव्हते, मारणाऱ्यालाही नाही. तोटा मात्र बागायतदार आणि निर्यातदार यांच्या पदरी पडला.

दुकानात तोंडी दिलेला सल्ला एका बागेपुरता आणि एका दिवसापुरता असतो. ध्वनिमुद्रित सल्ला मात्र पुढच्या हंगामात, वेगळ्या जमिनीत, तुम्ही कधीही न पाहिलेल्या बागेत ऐकला जाईल. दरम्यान एखाद्या घटकाची अवशेष मर्यादा बदललेली असेल किंवा तो घटक मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारस यादीतून गेलेला असेल, तरी तुमचा जुना भाग तेच सांगत राहील. त्याची जबाबदारी कोण घेणार? बागायतदार संघ आहे, संशोधन केंद्र आहे, त्यांनी हे काम करावे. विक्रेत्याने करू नये.

ध्वनिमित्र:
मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे, शेतीतला नाही. तरीही बागायतदारांच्या आक्षेपाला उत्तर देणारा एक अनुभव आपल्याच मातीत आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई, तो संपल्यावर मंडळी तिथेच बसून चर्चा करीत, शंका केंद्राकडे पाठवीत आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. जिथे नुसता रेडिओ होता त्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत माहितीत बरीच अधिक भर पडल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. याचा अर्थ मी असा घेतो की ऐकणारा उलट बोलू शकला की सांगणाऱ्यावरही वचक राहतो. प्रत्येक भागाची सुरुवात श्रोत्याने स्वतःच्या आवाजात पाठवलेल्या प्रश्नाने किंवा तक्रारीने करा. व्यवसायाचा पॉडकास्ट एवढ्या एका गोष्टीवर तगतो असे माझे मत आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. पत्र्याच्या शेडखाली ध्वनिमुद्रण करू नका, आवाज घुमतो. भरलेल्या पोत्यांच्या थप्प्यांमधली जागा त्यापेक्षा कितीतरी चांगली असते. दुकानाच्या गजबजाटात कंडेन्सर मायक्रोफोन रस्त्यावरची गाडीही टिपतो, म्हणून डायनॅमिक घ्या आणि तोंडापासून चार बोटांवर धरा. ॲपल आवाजाची सरासरी पातळी उणे १६ एलयूएफएसच्या आसपास ठेवायला सांगते, ती पाळा, पण भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा ट्रॅक्टर चालू ठेवून साध्या फोनवर ऐकून पाहा, कारण तुमचा श्रोता तसाच ऐकणार आहे. आणि ‘भाग सातवा’ असे शीर्षक कोणी शोधत नाही. ‘फुलोऱ्यात पाऊस आला तर काय करावे’ हे शोधतात.

सटाणेकर:
मला विक्रेत्याच्या हितसंबंधाच्या प्रश्नापेक्षा उपयोगाचा प्रश्न मोठा वाटतो. डाऊनी या बुरशीजन्य रोगावर फवारणी करायची की नाही याचा निर्णय रात्री पाऊस किती पडला आणि पाने किती वेळ ओली राहिली यावर सकाळी घ्यावा लागतो. आठवड्यापूर्वी मुद्रित केलेला भाग तिथे काय कामाचा? व्हॉट्सॲपवरचा दोन मिनिटांचा आवाजी संदेश त्याच सकाळी पोहोचतो. रोगट पान दाखवायचे असेल तर यूट्यूब आहे, आणि शेतकरी त्या दोन्ही ठिकाणी आधीपासून आहे. गूगलने स्वतःचे पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये बंद केले. गूगलसारख्या कंपनीने सोडलेल्या वाटेने तालुक्याच्या दुकानदाराने ऐन हंगामातला वेळ का घालवावा? माल देणे, उधारी वसूल करणे आणि शिवारफेरी यांतून उरलेल्या वेळात काढलेले भाग चार-सहा झाले की थांबतात आणि थांबलेला पॉडकास्ट दुकानाच्या नावाला बाधक ठरतो.

एक विनंतीही करतो. फवारणी करताना ऐका, असे कुठेही सुचवू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. त्या कामात सगळे लक्ष कामावर आणि तोंडावरच्या मास्कवरच असले पाहिजे.

ध्वनिमित्र:
सटाणेकर, गूगलचे ॲप बंद झाले तरी पॉडकास्ट बंद पडले नाहीत, कारण पॉडकास्ट आरएसएस फीडवर, म्हणजे नवे भाग ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या इंटरनेटवरच्या यादीवर, चालतो आणि तो फीड एका ॲपमधून दुसऱ्यात नेता येतो. म्हणून फीडची मालकी स्वतःकडे ठेवणे महत्त्वाचे. यूट्यूब किंवा व्हॉट्सॲप यांच्या बाबतीत ती सोय तुमच्या हातात नसते.

गोदाकाठ:
सटाणेकरांचे पावसाबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि फवारणीची सूचनाही. त्या सकाळचा सल्ला व्हॉट्सॲपवरच द्यायचा. पॉडकास्टमध्ये फक्त सावकाश समजून घेण्याच्या गोष्टी ठेवायच्या. घड जिरतात, म्हणजे कोवळेपणीच नाहीसे होतात, ते एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतरच्या कोणत्या चुकांमुळे, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस, कसा मोजायचा, हे विषय हंगामागणिक शिळे होत नाहीत. खंडाच्या भीतीवरही मी विचार केला आहे. अखंड चालणारी मालिका न काढता एका छाटणीपासून काढणीपर्यंतचे भाग आधीच ठरवून, उन्हाळ्यात मुद्रित करून ठेवायचे आणि ‘हंगाम संपला’ असे सांगून थांबायचे.

श्रोत्यांची संख्या लहान राहील हे मी धरूनच चालतो. दोनशे श्रोते मुंबईतल्या जाहिरातदाराला क्षुल्लक वाटतील, पण ते माझ्याच पंचक्रोशीतले असतील तर केंद्राला आणखी काय हवे? डाउनलोडच्या आकड्यापेक्षा दुकानात येणाऱ्याचा प्रश्न बदलला का, हे मी पाहीन. ‘काय मारू?’ याऐवजी ‘हे आता मारायची गरज आहे का?’ असे लोक विचारू लागले, तर पॉडकास्ट ऐकला जातो आहे.

बागायतदार साहेब, आपला आक्षेप सर्वांत जड आहे. कोणत्याही कंपनीचे व्यापारी नाव घ्यायचे नाही, घटकाचा उल्लेख चालू हंगामाच्या परिशिष्ट ५ मधल्या, म्हणजे संशोधन केंद्राच्या शिफारस यादीनुसारच करायचा, भागाच्या आरंभी हंगामाचे वर्ष सांगायचे आणि यादी बदलली की तो भाग काढून टाकायचा, एवढे बंधन मी घालून घेतो. मात्र संघ आणि संशोधन केंद्र आहेत म्हणून विक्रेत्याने गप्प बसावे, हे मला पटत नाही. सल्ला आजही काउंटरवरून दिला जातोच. तो चार लोकांना ऐकू येईल असा उघड दिला, तर चूक दाखवणाराही कोणी भेटेल.

दिंडोरीचा बागायतदार:
उघडपणाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण बंधने सुरुवातीला सगळेच घालून घेतात. माझी कसोटी वेगळी आहे. तुमच्याच केंद्रातून नेलेल्या औषधाने ज्याचा नमुना अवशेष तपासणीत नापास झाला, त्या बागायतदाराला तुम्ही मायक्रोफोनसमोर बसवाल का, आणि त्याचे बोलणे न कापता प्रसिद्ध कराल का? ते होत नाही तोवर मी याला जाहिरातच म्हणेन आणि माझ्या गटातल्या लोकांनाही तसेच सांगेन.

गोदाकाठ:
बागायतदाराची संमती असेल तर बसवीन, आणि अंतिम मुद्रण आधी त्याला ऐकवून मगच प्रसिद्ध करीन. तसा भाग पहिल्याच हंगामात यावा असा प्रयत्न राहील. सुरुवात माती, पाणी आणि पानांच्या देठांच्या परीक्षणापासून करतो. ते प्रयोगशाळेत होते, त्यात आमच्या केंद्राची काही विक्री नाही.