सोसायटी ग्रुप, प्रतापनगर : उद्या यांचं सीटी स्कॅन आहे

बी-३०२ काकू: नमस्कार मंडळी. उद्या सकाळी ८ वाजता आमच्या यांचं पोटाचं सीटी स्कॅन आहे, धंतोलीला. चिठ्ठीवर सीईसीटी ॲब्डोमेन लिहिलंय. सेंटरवरून फोन आला, "उपाशीपोटी या, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा" म्हणाले आणि ठेवून दिला. यांना शुगर आहे, वरून बंद जागेची धास्ती. कोणाचं झालंय का?

ए-१०१ काका: वहिनी, माझं झालं नं मागच्या उन्हाळ्यात, मुतखड्याचं. गेलो, झोपलो, उठलो. सुई नाही, काही नाही. काऊन घाबरून राहिले भाऊजी?

डी-४०४: *फॉरवर्ड केलेला मेसेज* ⚠️ एक सीटी स्कॅन = शेकडो एक्स-रे!! डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. कॅन्सरचं मूळ. १० ग्रुपवर पाठवा 🙏

बी-३०२ काकू: अहो बाप्पा, आता हे काय!

सेक्रेटरी: डी-४०४, ग्रुपवर फॉरवर्ड टाकायचे नाहीत असं ठरलंय. सी-२०३ ताई सीटी विभागातच काम करतात. ताई, ड्यूटी संपली की बघा जरा.

सी-२०३ ताई: आत्ताच घरी आले. काकू, आधी एक लक्षात घ्या. ए-१०१ काकांचं स्कॅन वेगळं होतं. खडा साध्या स्कॅनमध्येही स्वच्छ दिसतो, म्हणून त्यांना सुई लागली नाही. आपल्या बी-३०२ काकांच्या चिठ्ठीवर सीईसीटी आहे, म्हणजे शिरेतून आयोडीनचं औषध देऊन करायचं. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. त्याने रक्तवाहिन्या, लिव्हर, किडनी उठून दिसतात. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन मागतात, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी. रिपोर्ट विसरलात तर तिथे पुन्हा रक्त देऊन बसावं लागेल.

काका शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात का?

बी-३०२ काकू: हो गं, सकाळ-संध्याकाळ. बीपीची पण आहे एक.

सी-२०३ ताई: किडनीचं काम बरंच कमी झालेलं असेल तर मेटफॉर्मिन स्कॅनच्या वेळेपासून ४८ तास थांबवतात आणि क्रिएटिनिन पुन्हा बघून सुरू करतात. किडनी चांगली असेल तर बहुतेकदा थांबवायची गरज पडत नाही. पण हे तुमचे डॉक्टर ठरवतील, मी नाही आणि ग्रुपही नाही. आजच त्यांना फोन करा. उपाशीपोटी शुगरची कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, तेही विचारा. काही न खाता गोळी घेतली आणि नंबर लागायला उशीर झाला की शुगर खाली येते. आमच्याकडे येणाऱ्यांत हेच जास्त बघते मी, मशीनचा त्रास कमी. पर्समध्ये साखर ठेवा. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सहसा हरकत नसते, तीही फोनवर विचारूनच घ्या.

सी-२०३ ताई: आता तिथे काय होतं ते सांगते. आधी संमतीचा फॉर्म. त्यात ॲलर्जी, दमा, किडनी, थायरॉइड, आधी कधी असं औषध दिलं होतं का, हे विचारतात. लोक भराभर "नाही नाही" म्हणत सही करतात. तसं करू नका. आधी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल तर ते मुद्दाम सांगा. मग आधीपासून औषधं देऊन तयारी करता येते किंवा दुसरी तपासणी निवडता येते.

पोटाचं असल्यामुळे तासभर आधीपासून थोडं थोडं करत बाटलीभर पाणी प्यायला लावतील. बऱ्याच ठिकाणी त्यात मॅनिटॉल मिसळतात, चवीला गोडसर. त्याने नंतर एक-दोनदा पातळ होतं, तेव्हा निघताना तिथलंच बाथरूम वापरून घ्या, रहाटे कॉलनीच्या सिग्नलला आठवण येण्यापेक्षा बरं 😄

ए-१०१ काका: हे महत्त्वाचं सांगितलं जी 😂

बी-३०२ काकू: आणि ती बंद जागा?

सी-२०३ ताई: बंद नसतेच काकू. काकांच्या डोक्यात एमआरआयचा बोगदा असणार. सीटीचं मशीन मोठ्या मेदुवड्यासारखं, मधे भोक, दोन्ही बाजू मोकळ्या. पोटाच्या स्कॅनला डोकं बहुतेक वेळ कड्याच्या बाहेरच असतं. टेबल पुढेमागे सरकतं, आतून फिरल्याचा घरघर आवाज येतो, बस. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचं. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन केला तेव्हा एकेका फेरीलाच चार-पाच मिनिटं लागायची. आता एका श्वासात अख्खं पोट होतं. वेळ जातो तो पाणी पिण्यात, सुई लावण्यात आणि नंबर यायची वाट बघण्यात.

दोन्ही हात डोक्यावर ठेवावे लागतात. काकांचा खांदा आखडलेला असेल तर टेबलावर चढायच्या आधीच सांगा, आम्ही उशी देऊन जमवतो. श्वास रोखायची सूचना बहुतेक मशीनवर रेकॉर्ड केलेली असते, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. आधी एकदा सराव करून घ्या म्हणावं. श्वास सुटला की चित्र हलतं.

औषध मशीनच्या पंपाने जोरात जातं. गळ्यापासून गरम लाट खाली उतरते, तोंडात लोखंडासारखी चव येते आणि कपड्यात लघवी झाली असंच वाटतं. झालेली नसते! हे आधी सांगितलं नाही की मोठी माणसं लाजून उठायला बघतात. मिनिटभरात जातं. पण सुईच्या जागी आग झाली, हात फुगला, घसा आवळला किंवा खाज सुटली तर लगेच बोलायचं. आम्ही काचेपलीकडून बघत असतो, आतलं बोलणं माइकवर ऐकू येतं. झाल्यावर साधारण अर्धा तास तिथेच बसवतात. घरी भरपूर पाणी प्यायचं, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं नसेल तर.

ए-२०४: ताई, आईच्या गुडघ्यात स्टील आहे. तिचं कधी होईल का?

सी-२०३ ताई: होतं की. यात चुंबक नसतो, एक्स-रेच असतात. धातूमुळे आजूबाजूचं चित्र थोडं खराब होतं एवढंच. म्हणून चेन, बेल्ट, करदोड्याला अडकवलेली किल्ली सगळं काढायला लावतात. दागिने घरीच ठेवा. आणि काकू, शाल न्या. बाहेर ४५ डिग्री, आत मशीनसाठी एसी फुल.

डी-४०४: पण रेडिएशनचं काय ते तर खरंच आहे ना?

सी-२०३ ताई: अर्धं खरं आहे. पोटाच्या एका सीटीला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट डोस बसतो, छातीच्या एक्स-रेला ०.१ च्या आसपास. म्हणजे शंभरेक एक्स-रे झालेच. पण निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात, हे मेसेजमध्ये कुठे आहे? धोका थोडा वाढतो, शून्य नसतो. कारण असेल तर तो घ्यायचा. डॉक्टरांनी न सांगता "एकदा फुल बॉडी करून टाकू" म्हणत येणाऱ्यांना मात्र मी स्वतः परत पाठवायला बघते. गरोदर असण्याची शक्यता असेल तर तेही आधीच सांगायचं.

बी-३०२ काकू: घरी आल्यावर नातवाला जवळ घेतलं तर चालेल?

सी-२०३ ताई: खुशाल. किरणं अंगात राहत नाहीत, मशीन बंद की संपलं. लहान मुलांपासून लांब राहायचा नियम पेट (PET) स्कॅनसारख्या तपासणीला असतो, तिथे किरणोत्सारी औषध टोचतात.

ए-१०१ काका: वहिनी, भाऊजींना मी नेतो. धंतोलीत गाडी लावायला जागा भेटत नाही, तुम्ही कुठे फिरत बसाल. सव्वासातला खाली या.

बी-३०२ काकू: खूप उपकार भाऊजी. डॉक्टरांशी बोलले आत्ताच. उद्या सकाळची शुगरची गोळी घ्यायची नाही म्हणाले, बीपीची घ्यायची. क्रिएटिनिन १.० आलंय. आणि गं, यांची जुनी सोनोग्राफी आहे, ती न्यायची का?

सी-२०३ ताई: न्या. जुनं सगळं न्या, फिल्म, सीडी, रिपोर्ट. रेडिओलॉजिस्टला, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, आधीचं समोर असलं की गाठ जुनी की नवी ते कळतं. आणि स्कॅन झाल्यावर आमच्या टेक्निशियनला "काही दिसलं का हो" विचारू नका. सगळे विचारतात. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टच देतात.