सामायिक डाळ मिलमध्ये काम करणाऱ्यांचा वाटा आणि भाग भरणाऱ्यांचा वाटा कसा ठरवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहीत आहे. आमच्या गावातील बावीस जणांनी २०१९ साली प्रत्येकी दहा हजार रुपये घालून एक मिनी डाळ मिल उभी केली. यंत्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नमुन्याचे आहे. माझ्या सासऱ्यांचा त्यात एक भाग आहे. मी स्वतः मिलवर कामाला जात नाही, पण जमाखर्चाची वही माझ्याकडे असल्यामुळे वाटणीच्या वेळी दोन्ही बाजूंचे बोलणे मलाच ऐकावे लागते, आणि यंदा ते बोलणे हातघाईवर यायचे तेवढे राहिले आहे.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण वाद कामाच्या स्वरूपातूनच निघाला आहे. इकडून तूर टाकली आणि तिकडून डाळ निघाली, असे होत नाही. दाणे चाळून घ्यायचे, यंत्रातून एकदा काढून टरफलाला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात द्यायचा, ढीग रात्रभर झाकून ठेवायचा, मग पसरून उन्हात वाळवायचा, पाण्याचा शिपका मारून पुन्हा ढीग लावायचा, आणि त्यानंतर कुठे एमरीच्या (खरखरीत दगडी थराच्या) रोलरवरून डाळ काढायची. प्रत्येक कास्तकाराची तूर वेगळी ठेवावी लागते, कारण आपल्या वावरातल्या तुरीचीच डाळ घरी न्यायची असते आणि दाणा बदललेला लोकांना लगेच कळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आले की पसरलेली सगळी तूर पावसाच्या आत गोळा करावी लागते. त्या वेळी ताडपत्र्या घेऊन धावणारे सात जणच असतात, चार बाया आणि तीन पुरुष. चुनी (डाळीचा चुरा) आणि टरफल ढोरांसाठी विकले जाते. त्याचे वजनमाप आणि उधारीची वसुलीही तेच सात जण करतात.

मिलची कमाई दोन प्रकारची आहे. गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक तूर आणून डाळ करून नेतात, त्याची क्विंटलमागे मजुरी मिळते. शिवाय आम्ही सभासदांकडून थोडी तूर विकत घेऊन तिची डाळ यवतमाळ आणि अमरावतीला विकतो. सुरुवातीच्या मुद्रांकावरील करारनाम्यात “नफा-तोटा सर्वांना समान” एवढे एकच वाक्य आहे, म्हणून वीजबिल आणि दुरुस्ती वजा जाता जे उरते त्याचे दर वर्षी मृगाच्या आधी बावीस सारखे वाटे होतात. काम करणाऱ्या सात जणांना वेगळी रोजी नाही. काम थोडे होते तोवर कोणी काही बोलले नाही. आता हंगामात मिल अंधार पडेपर्यंत चालते आणि सात जणांचे म्हणणे असे की बाकीचे पंधरा आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात.

पंधरा जणांची बाजूही अगदीच पोकळ नाही, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. मिल चालेल की नाही याचा भरवसा नसताना त्यांनी पैसा घातला. वीजजोडणीसाठी ज्यांनी चकरा मारल्या ते आज वयामुळे काम न करणाऱ्यांत मोडतात. आणि विकत घेतलेल्या तुरीतली बरीचशी त्यांच्याच वावरातली असते. मजुरी आधी काढून घेतली तर आमच्या पैशाला काय उरले, असा त्यांचा प्रश्न आहे.

त्यातच एक सभासद पुण्याला स्थायिक झाला असून त्याला बाहेर पडायचे आहे. यंत्र, शेड आणि गिऱ्हाईक मिळून आज जी किंमत होईल तिचा बाविसावा हिस्सा तो मागतो. कागदपत्रांची अवस्था अशी की यंत्राचे बिल एकाच्या नावावर, मीटर दुसऱ्याच्या नावावर आणि बँकेतले खाते तिघांच्या नावावर आहे. प्रतवारीचे यंत्र घ्यावे म्हणून केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतील ३५ टक्के अनुदानाची चौकशी केली, तेव्हा एका बँकेने पहिलाच प्रश्न विचारला की तुम्ही कायद्याने नेमके कोण आहात. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. सहकारी संस्था नोंदवावी की शेतकरी उत्पादक कंपनी करावी, आणि काहीही केले तरी ही वाटणी कशी बसवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

– तुरीचा_हिशेब

प्रतिसाद: जमाखर्च

ताई, सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी नोकरी गेली, त्या अनुभवावरून लिहितो. नोंदणीचा प्रश्न मागाहून घ्या. आधी वाटणीतला गुंता सोडवा, कारण तो तसाच ठेवून कोणतीही नोंदणी केली तरी भांडण नव्या नावाने चालू राहील.

तुम्ही ज्याला नफा म्हणता त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: सात जणांच्या श्रमाचे मोल, बावीस जणांच्या पैशाचा मोबदला, आणि सभासदांच्या तुरीवर सुटलेली कमाई. पहिली गोष्ट मुळात नफाच नाही. बाहेरचा माणूस लावला असता तर त्याची रोजी तुम्ही खर्चातच धरली असती. घरचा माणूस आहे म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही. यंत्रावरच्या कामाला क्विंटलमागे दर ठरवा आणि वाळवण, राखण व गोळा करण्याच्या कामाला दिवसाची रोजी ठरवा, कारण आभाळ आले त्या दिवशी क्विंटल मोजून न्याय होत नाही. हजेरीचे पुस्तक ठेवा आणि रोजी आठवड्याच्या आठवड्याला चुकती करा, मृगापर्यंत थांबवू नका. एमरी रोलर, पट्टे आणि मोटार यांच्या झिजेसाठीही रक्कम बाजूला काढा. एवढे सगळे वजा करून जे उरेल, त्याला नफा म्हणावे.

हा नफा वाटण्याचा क्रम महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये आखून दिलेला आहे आणि तो तुमच्या भांडणाला चपखल बसतो. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. भागांवर लाभांश देता येतो, पण १५ टक्क्यांपेक्षा अधिक नाही; म्हणजे दहा हजारांच्या भागावर वर्षाला फार तर १,५०० रुपये. त्यापुढची रक्कम, उपविधींत (संस्थेने स्वतःसाठी केलेल्या नियमांत) तशी तरतूद असेल तर, ज्याने संस्थेशी जितका व्यवहार केला तितक्या प्रमाणात बोनस म्हणून देता येते. तुमच्या पंधरा जणांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: पैशाला मर्यादित लाभांश, आणि मिलला घातलेल्या तुरीला क्विंटलप्रमाणे बोनस. इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली दुकान काढले तेव्हा त्यांनीही भांडवलाला ठरावीक व्याज देऊन उरलेला नफा खरेदीच्या प्रमाणात वाटला होता. साखर कारखान्याचा सभासदसुद्धा लाभांशाकडे डोळे लावून बसत नाही. तो उसाचा भाव काय मिळाला ते पाहतो.

आता कायदेशीर स्थिती. नोंदणी नसताना नफ्यासाठी एकत्र धंदा करणारे तुम्ही बावीस जण १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या नजरेने बहुधा भागीदार ठरता. भागीदारीच्या देण्याला प्रत्येक जण पूर्ण रकमेपुरता जबाबदार असतो, आणि नोंदणी नसलेल्या भागीदारीला बाहेरच्या माणसावर करारापोटी दावा लावता येत नाही. अमरावतीच्या व्यापाऱ्याने डाळीचे पैसे बुडवले तर तुमचे हात बांधलेले आहेत, आणि मिलवर कर्ज झाले तर पुण्याचे गृहस्थही त्यातून सुटत नाहीत. हे त्यांना शांतपणे सांगा, म्हणजे बाविसाव्या हिश्श्याचा आग्रह थोडा सैल होईल.

सहकारी संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. प्रस्ताव तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जातो. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच असते. बाहेर पडणाऱ्या सभासदाच्या भागाचे मूल्य शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून काढतात, पण त्याने प्रत्यक्ष भरलेल्या रकमेपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणून पुण्याच्या सभासदाचा हिशेब नोंदणीच्या आधी, सर्वांच्या संमतीने आणि लेखी पावतीवर मिटवलेला बरा. नोंदणीनंतर मागे राहणाऱ्यांचे हातही नियमाने बांधले जातील.

एक विचारायचे राहिले. काम करणाऱ्या सात जणांचे भाग त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत ना?

प्रतिसाद: धुऱ्यावरून

मी वाशीम जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे, म्हणून त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. कंपनी दहा उत्पादकांतही नोंदवता येते, किमान पाच संचालक लागतात, आणि तिथेही सभासदाला एकच मत असते. नोंदणी होते लवकर. खरी कसरत त्यानंतर सुरू होते. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो, सनदी लेखापालाकडून दर वर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आणि कंपनी निबंधकाकडे वार्षिक विवरणपत्रे वेळेत भरली नाहीत तर प्रत्येक विवरणपत्रामागे दिवसाला १०० रुपये अधिक शुल्क चढत राहते. आमच्या भागात काही कंपन्यांचा व्यवहार बंद पडला, पण हे शुल्क मात्र चालू राहिले. दहा हजार उत्पादक संघटनांची जी केंद्रीय योजना २०२० साली आली, तिच्यात सपाट प्रदेशासाठी किमान ३०० सभासदांची अट होती. बावीस जणांनी तिच्या आशेने कंपनी काढण्यात अर्थ नाही. एका गावाच्या एका मिलसाठी मला सहकारी प्रक्रिया संस्थाच सोयीची वाटते. डाळ एकत्रितपणे दूर विकायची वेळ आली, तर जवळच्या एखाद्या चालत्या कंपनीशी करार करता येईल.

दुसरी गोष्ट सभेच्या तयारीची. सहकार हा शब्द निघाला की गावातली जुनी माणसे कापसाच्या एकाधिकार खरेदीची (कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायचा, या सक्तीची) आठवण काढतील. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत चुकारे रखडले आणि भांडवल निधीच्या नावाने कपात झाली, हे त्यांनी भोगले आहे, त्यामुळे त्यांना हसण्यावारी नेऊ नका. फरक एवढा समजावा की तिथे भाव आणि कपात गावाबाहेर ठरत होती, आणि इथे उपविधींवर सही करणारे तेच असतील. राखीव निधी ही पुन्हा एक कपातच, अशी शंका येणारच; तो कुठे ठेवला जातो आणि कशासाठी वापरता येतो हे आधीच वाचून दाखवा.

– धुऱ्यावरून

तुरीचा_हिशेब:

दोघांचेही मनापासून आभार. मजुरी खर्चात धरण्याचा मुद्दा मी सासऱ्यांपाशी काढला. ते पंधरा जणांतले असूनही त्यांना तो पटला, पण लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे हे ऐकून ते थोडे गप्प झाले.

जमाखर्च यांनी विचारलेला प्रश्न नेमका वर्मावर आहे. तीन पुरुषांचे भाग त्यांच्या नावावर आहेत. चार बायांपैकी मात्र एकीचाच भाग तिच्या नावावर आहे. तिघींचे भाग नवऱ्यांच्या नावावर आहेत, आणि वाटणीची रक्कमही आजवर नवऱ्यांच्याच हातात पडत आली. शिवाय ज्यांच्या जागेत शेड आहे आणि ज्यांच्या नावावर मीटर आहे, ते आता संस्थेत दोन भागांचा मान आणि दोन मते मागत आहेत. या दोन गोष्टी कशा बसवाव्यात?

प्रतिसाद: जमाखर्च

मजुरी जिने काम केले तिच्याच बँक खात्यात जमा करावी. भाग कोणाच्या नावावर आहे याचा मजुरीशी संबंध नाही. सभासदत्वासाठी नवऱ्याने आपला भाग बायकोच्या नावे करून द्यावा किंवा तिने स्वतः नवा भाग घ्यावा. दोघे सभासद असले तरी हरकत नाही, फक्त दहा कुटुंबांची अट मोजताना ते घर एकच धरले जाईल. पाच वर्षे मिल सांभाळलेल्या बाईला सभेत हात वर करता येत नाही आणि पुण्यात राहणाऱ्याला येतो, ही स्थिती नोंदणीपूर्वीच बदललेली बरी. प्रवर्तकांच्या (संस्था नोंदवायला पुढे येणाऱ्यांच्या) यादीत या तिघींची नावे येतील असे पाहा.

शेडवाल्या गृहस्थांची मागणी रास्त आहे, पण तिचे रूप बदलावे लागेल. दोन मते कायद्यात बसत नाहीत. जास्त भाग त्यांना घेता येतील, मात्र एकूण भागभांडवलाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नाहीत. जागेचा मोबदला भाडे म्हणून द्या आणि तेही मजुरीसारखे खर्चात धरा. भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे सक्तीचे आहे, आणि तुमच्या हिताचा तसाच आहे, कारण उद्या त्यांच्या मुलांनी जागा मागितली तर यंत्र उचलून न्यायची पाळी येईल. वीजजोडणी संस्थेच्या नावावर करून घेण्यासाठी त्यांचे ना-हरकत पत्र त्याच वेळी घ्या, आणि यंत्राचे बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडून यंत्र संस्थेकडे हस्तांतरित केल्याचा लेख करून घ्या. बँकेच्या प्रश्नाला दाखवण्याजोगे उत्तर या तीन कागदांपासून तयार होईल. सभेच्या इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या किंवा अंगठे घ्या आणि पुण्याच्या सभासदाची लेखी संमती त्याला जोडा.