चार नगरसेवक, पण चेंबरला वाली नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत आमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं दिली. मुंबईकरांचं बरं, वॉर्डाला एकच नगरसेवक, पकडायचा तर त्यालाच पकडायचं.

आमच्या गल्लीच्या तोंडावरचा ड्रेनेज चेंबर तीन आठवडे तुंबलाय. घाण पाणी थेट अंगणवाडीच्या पायरीपर्यंत येतं, मुलांना उचलून आत न्यावं लागतं. एका नगरसेवकांनी सांगितलं, "तो पट्टा माझ्याकडे नाही." दुसऱ्या ताईंचा फोन त्यांचे यजमानच उचलतात (हे वेगळंच दुखणं). तिसरे म्हणाले, निधी आला की बघू. चौथे अजून भेटलेच नाहीत.

माझ्या समजुतीप्रमाणे चौघंही अख्ख्या प्रभागाचे प्रतिनिधी आहेत, पट्टे त्यांनी आपसात वाटून घेतलेत. बरोबर ना?

शिवाय 74 व्या घटनादुरुस्तीनुसार तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समिती असते. तिच्या बैठकीत आपला विषय नगरसेवकामार्फत कसा घ्यायला लावायचा? चौघांना एकच सह्यांचं निवेदन देऊन पोच घ्यावी, की वेगवेगळं? कुणी असं केलं असेल तर अर्जाचा मजकूर टाका, प्लीज.