क्षण टिपायचा, साधायचा की कैद करायचा?

एका फोटोखाली एक ओळ लिहायची आहे आणि क्रियापदावर अडलोय. फोटो खंड्याचा आहे. त्यानं सूर मारलाय, चोच पाण्याला नुसती टेकलीय, अजून आत शिरलेली नाही. टेकली तिथं पाण्यावर जेमतेम एक वळं उमटलंय, आणि खालून त्याचंच प्रतिबिंब चोचीला चोच लावायला वर येतंय. शटर १/३२०० सेकंद. सकाळभर बसून शेकडो फोटो काढले, त्यातला हा एकच असा लागला. मी लिहिलं, 'कॅमेऱ्यात कैद झालेला क्षण'. तेव्हापासून ते टोचतंय. पाखरू तर मासा घेऊन उडून गेलं, मग कैद झालं कोण? टिपलेला, पकडलेला, साधलेला, गोठवलेला, यातलं काय बरोबर बसेल?

* * *

'कैद' काढाच. चोर सीसीटीव्हीत कैद झाला इथवर ते चालेल, कारण चोराला पुढं खरंच कैद व्हायची असते. 'गोठवलेला' म्हटलं की पाण्याचा बर्फ झाल्यासारखं वाटतं, तुमच्या फोटोत तर पाणी आत्ता कुठं हलायला लागलंय.

माझं मत 'टिपणे'ला. पाखरं दाणे टिपतात, आपण घाम टिपतो, कुणी बोलत असेल तर मुद्दे टिपून घेतो. डोळे पुसणं आणि डोळे टिपणं यातला फरक बघा. पुसताना हात फिरतो, टिपताना रुमाल फक्त टेकतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे : भोवतालचं काही न विस्कटता नेमकं तेवढंच अलगद उचलायचं.

आणि टीपकागद! ओल्या अक्षरावर तो ठेवून दाबायचा असतो, घासला की अक्षर फासलंच. उचलून उलटा केला की तेच अक्षर त्याच्या अंगावर, पण आरशात दिसतं तसं उलटं. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातली दागेरोटाइप चित्रंही, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उमटवलेले फोटो, बहुतेक अशीच डाव्याची उजवी झालेली असत. तिथं शाईच्या जागी उजेड, एवढाच फरक. फोटो 'टिपला' म्हणताना मला हा कागदच आठवतो. वस्तू जिथल्या तिथं राहते, तिचा ओलावा तेवढा आपल्याकडं येतो.

* * *

टीपकागद फार आवडला. पण 'खंड्या टिपला' लिहून पाहिलं तर बंदुकीचा बार ऐकू येतो. 'एका गोळीत टिपला' हाही त्याच क्रियापदाचा अर्थ ना?

* * *

आहेच. पण ही शिकारीची सावली या कलेवर सगळीकडंच पडलेली आहे. 'स्नॅपशॉट' हा मूळचा शिकाऱ्यांचा शब्द, नीट नेम न धरता झटकन झाडलेली गोळी. तो फोटोला लावला इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी, १८६० मध्ये. 'फोटोग्राफी' हा शब्द १८३९ मध्ये रुळवणारेही तेच.

तुमच्या अडचणीवर उपाय सोपा आहे. क्रियापद तेच ठेवा, कर्म बदला. 'खंड्या टिपला' नको, 'खंड्याचा सूर टिपला' म्हणा. जीव टिपला की बंदूक येते, हालचाल टिपली की ती आपोआप गळून पडते.

* * *

'साधणे'ही इतक्यात सोडू नका. वेळ साधतो, संधी साधतो, नेम साधतो. तिथं सगळं कसब माणसाचं, त्याच्या ताटकळण्याचं आणि बोटाच्या तयारीचं असतं. म्हणून मी म्हणेन, क्षण साधला आणि दृश्य टिपलं. दोन वेगळी कामं आहेत, एकाच क्रियापदावर दोन्ही लादू नयेत.

यावरून आठवलं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं १९५२ चं पुस्तक इंग्रजीत 'द डिसायसिव्ह मोमेंट' म्हणून गाजलं आणि आपण त्याचं 'निर्णायक क्षण' केलं. मूळ फ्रेंच नाव मात्र 'इमाज आ ला सोव्हेत'. विनापरवाना फेरीवाला एक डोळा रस्त्याकडं ठेवून घाईघाईत माल विकतो, त्याला फ्रेंचमध्ये 'आ ला सोव्हेत' म्हणतात. म्हणजे मूळ नावात निकाल वगैरे काही नाही, लगबग आहे, चोरटेपणा आहे. 'निर्णायक' म्हटलं की मला सामन्याचं शेवटचं षटक दिसतं. फोटोत कोण जिंकतं-हरतं?

त्यापेक्षा आपला 'ऐन' घ्या. ऐन वेळी, ऐन भरात, ऐन उमेदीत. नेमका, मधोमधचा, अस्सल. हा अरबीतून आलेला शब्द आहे, आणि अरबीत 'ऐन' म्हणजे डोळासुद्धा. फोटोच्या क्षणाला याहून चांगलं विशेषण मला तरी सुचत नाही.

* * *

क्रियापदावर एवढं बोललात, आता जरा 'क्षण' मोजू या. अमरकोशात कोष्टक आहे. १८ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक क्षण, १२ क्षणांचा एक मुहूर्त. मुहूर्त दिवसरात्रीत ३०, म्हणजे एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. भागाकार करा : एक क्षण भरतो चक्क चार मिनिटांचा!

दागेरोटाइप ज्यांच्या नावानं ओळखतात त्या दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचं चित्र घेतलं, त्याला काही मिनिटं उजेड द्यावा लागला होता. वाहता रस्ता, पण चित्रात ओस. चालणारं कुणी उमटलंच नाही. बुटांना पॉलिश करून घेत एक माणूस उभा होता, तो तेवढा राहिला. अमरकोशाच्या मापानं खरा 'क्षण' टिपला तो त्या चित्रानं.

आता खालच्या टोकाला या. चार मिनिटांत निमेष १६,२०० होतात, म्हणजे एक निमेष सेकंदाचा साधारण ६७ वा भाग. जुन्या कॅमेऱ्याच्या शटरच्या चकतीवरचा ६० चा आकडा, म्हणजे १/६० सेकंद, आठवा! 'निमिषार्धात' म्हटलं तर १/१३५, आणि चकतीवर ६० च्या पुढं १२५. पापणीच्या लवण्यावरून बांधलेलं माप आणि शटरचं माप इतकं जवळ यावं, हा योगायोगच, पण हे मांडून पाहिलं त्या दिवशी मी बराच वेळ त्या चकतीकडं बघत बसलो होतो. तुमचा १/३२०० म्हणजे निमिषाचाही सत्तेचाळिसावा हिस्सा. तुम्हाला 'क्षण' फार मोठा पडतोय.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या क्षणाच्या हिशेबानं तर झोपच उडाली. मग आता असं लिहितो : 'खंड्याचा सूर, ऐन निमिषात टिपलेला'. एकच शंका. 'सूर टिपला' वाचून कुणाला गाणं तर नाही ना वाटणार? 'झेप' करू का?

* * *

झेप समोर जाते नाहीतर वर. 'बुडी' म्हणावं तर तो अजून पाण्याखाली गेलेला नाही. हवेतून निघाला आणि चोच पाण्याला टेकली, एवढ्यापुरता आपल्याकडं एकच शब्द आहे. शिवाय फोटो समोरच आहे, गाणं कशाला वाटेल? 'सूर'च राहू द्या.